एकतीस डिसेंबरची गाडी



डिसेंबर महिना लागला की आमच्या जालन्याच्या वस्त्यांमधून दोन हिशेब सुरू होतात. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला कोण कोण जाणार, हा पहिला. एक जानेवारीला भीमा कोरेगावला गाडी कोणाची ठरवायची, हा दुसरा. मुंबईला बरीच मंडळी रेल्वेने जातात. कोरेगावला रेल्वे नाही. मग पाच-सात घरे मिळून वर्गणी काढतात आणि एखादी क्रूझर, तवेरा नाहीतर टेम्पो ट्रॅव्हलर ठरवतात. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः विजयस्तंभाला मानवंदना द्यायला गेले होते. ही वाट त्यांनी आपल्याला दाखवलेली आहे, त्यामुळे पैशांची ओढाताण असली तरी माणसे जातातच आणि लेकराबाळांना घेऊन जातात.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या एक मावशी दारात आल्या. धुणीभांड्याची चार घरे करणारी ही बाई. वस्तीतली वर्गणी गोळा करण्याचे काम दरवर्षी त्यांच्याकडेच असते. म्हणाल्या, "भाऊ, गाडी भेटली. दोन हजारानं सवस्त हाये. पर ड्रायव्हर पितो म्हणतेत. पोरं म्हणतेत, कोण पीत न्हाई आजकाल? सोळा माणसं हायेत, त्यात सहा लेकरं. तुमी पेपरात लिहिता, तर सांगा, काय करावं?"

मावशींना मी त्या वेळी जे सांगितले ते घाईघाईत सांगितले. नंतर वाटले की हा प्रश्न एकट्या मावशींचा नाही, म्हणून या वेळचे सदर त्यावरच.

प्रथम त्या रात्रीचा विचार करा. एक जानेवारीला सकाळी स्तंभापाशी पोचायचे म्हणून आपण निघतो एकतीस डिसेंबरच्या रात्री. जालन्याहून औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), पुढे नगरमार्गे कोरेगाव, म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या वर रस्ता. आणि ही वर्षातली अशी रात्र की जेव्हा धाबे पहाटेपर्यंत उघडे असतात आणि समोरून येणाऱ्या गाडीचा चालक शुद्धीत असेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. समोरच्याला आपण काही करू शकत नाही. निदान आपल्या गाडीच्या स्टिअरिंगवर कोण बसतो, एवढे तरी आपल्या हातात असते.

दूर कशाला जायचे? जालन्यापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर सिंदखेडराजा आहे. त्याच्या जवळ, पिंपळखुटा गावाच्या शिवारात, समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस उलटली आणि पेटली. बस दाराच्या बाजूवर पडल्यामुळे दार उघडेना. २५ माणसे आत जळून गेली. बाहेर पडलेल्या आठ जणांत चालक होता. टायर फुटला, असे त्याने सुरुवातीला सांगितले. परिवहन विभागाच्या तपासणीत टायर फुटल्याची खूण मिळाली नाही. पुढे काही दिवसांनी न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल आला, त्यात चालकाच्या रक्तात मर्यादेपेक्षा जास्त मद्य आढळल्याचे प्रसिद्ध झाले. दोष कोणाचा व किती, हे न्यायालयाचे काम. पण तिकिटाचे पैसे मोजून झोपी गेलेल्या त्या पंचवीस जणांपैकी एकाने तरी चालकाच्या तोंडाचा वास घेतला असेल का? आपण कोणीच घेत नाही. मीही आजवर घेतलेला नाही.

आता मर्यादा म्हणजे काय ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य असताना गाडी चालवणे गुन्हा आहे. ट्रक असो, रिक्षा असो, नाहीतर आपली फटफटी असो, माप सर्वांना एकच. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१९ ची दुरुस्ती होण्यापूर्वी हेच दंड दोन हजार आणि तीन हजार होते. त्याशिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये सर्व राज्यांना सांगितले की दारू पिऊन चालवणाऱ्याचे लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. ज्याचे पोटच स्टिअरिंगवर आहे, त्याला दहा हजारांपेक्षा हे तीन महिने जड जातात.

तीस मिलिग्रॅम हा आकडा ऐकून काही कळत नाही, म्हणून एका डॉक्टर मित्राच्या मदतीने त्याचा हिशेब मांडला. साठ किलो वजनाच्या माणसाने ४२.८ टक्के मद्य असलेली एक क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर, रिचवली तर त्याच्या रक्तात साधारण दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास मद्य जाते. मर्यादेच्या पाचपट! शरीर ते ताशी पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास कमी करते. कोणाचे थोडे जास्त, कोणाचे थोडे कमी. म्हणजे रात्री दहाला क्वार्टर संपवून झोपलेला माणूस सकाळी सहाला उठून तोंड धुतो, चहा पितो, गाडीला किल्ली लावतो, तेव्हाही तो मर्यादेच्या काठावरच असतो. लिंबूपाण्याने, थंड पाण्याच्या आंघोळीने किंवा कडक चहाने हा हिशेब बदलत नाही. झोप उडते, दारू उतरत नाही. "काल रात्री घेतली होती, आता काही नाही," असे म्हणणारा चालक खोटे बोलत नसेल कदाचित, पण त्याचे रक्त वेगळे सांगते. मावशींना हे सांगितल्यावर त्या बराच वेळ बोटांवर तास मोजत बसल्या होत्या.

पोलिसांचे काय? गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला रास्त संशय आला तर तो चालकाला नळीत फुंकायला लावू शकतो. फुंकायला नकार दिला आणि दारूचा संशय असला, तर विनावॉरंट अटक करता येते आणि तो नकार पुढे खटल्यात चालकाच्या विरुद्ध जातो. अटक झाली तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडावे लागते. हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपला मुलगा पकडला गेला तर त्याचा तो हक्क आहे. आपल्या माणसाला कोणी उडवले, तर ती तपासणी वेळेत झाली की नाही, हे ठाण्यात जाऊन विचारण्याचा मार्गही आपल्याला मोकळा आहे. आणखी एक. सिग्नल तोडला की जागेवर पावती फाडून प्रकरण मिटते, तसे कलम १८५ चे नाही. हा खटला न्यायालयातच जातो. तेव्हा रस्त्यावर कोणी "एवढे द्या आणि जा" म्हणाले, तर ते पैसे सरकारच्या तिजोरीत जाणारे नाहीत, एवढे समजावे.

कायद्याचा बडगा कोणावर पडतो, हा प्रश्न आपल्या लोकांच्या मनात असतो आणि तो रास्त आहे. नाकाबंदीत अडवली जाते ती कामावरून परतणाऱ्या गवंड्याची फटफटी. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात महागड्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. गाडी चालवणारा अल्पवयीन, बांधकाम व्यावसायिकाचा मुलगा. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने जामीन दिला, आणि अटींमध्ये एक अट अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची! पुढे सरकारी रुग्णालयात त्याच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. दोन तासांच्या तपासणीचा नियम कागदावर किती चोख आहे, आणि पैसा असला की तो कोणत्या मार्गाने पोखरता येतो, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर एका श्रीमंत घरातल्या तरुणाची मोटार चढली. सात मजूर मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात मर्यादेच्या तिपटीहून जास्त मद्य होते. खालच्या न्यायालयाने निष्काळजीपणाचे कलम लावून सहा महिन्यांची शिक्षा दिली. सात माणसांना सहा महिने! मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि २००७ मध्ये सदोष मनुष्यवधाखाली तीन वर्षांची शिक्षा सुनावली. १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पिऊन गाडी चालवली तर माणूस मरू शकतो हे पिणाऱ्याला ठाऊक असते, तेव्हा असा मृत्यू नुसती चूक ठरत नाही, हे या प्रकरणाने पक्के केले. तीन वर्षेही थोडीच, असे मला वाटते. पण ज्यांच्या नावावर मुंबईत घर नव्हते अशा मजुरांच्या बाजूने न्यायालय उभे राहिले, हेही खरे. आता भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पूर्वी ती दोन वर्षे होती. सदोष मनुष्यवध सिद्ध झाला तर दहा वर्षांपर्यंत.

आता मूळ गोष्टीकडे येतो. गाडी ठरवताना आमची पोरे एक वाक्य हमखास बोलतात, "ड्रायव्हरची सोय करू." सोय म्हणजे काय, हे आयाबहिणींना सांगायला नको. धाब्यावर गाडी थांबली की चालकाला बाजूला न्यायचे आणि दोन पेग पाजायचे, म्हणजे तो खूश आणि गाडी पळवणार. या पोरांना माहीत नाही, आणि मलाही कायदा चाळेपर्यंत माहीत नव्हते, की कलम १८८ प्रमाणे दारू पिऊन गाडी चालवायला चिथावणी किंवा मदत करणाऱ्यालाही चालकाइतकीच शिक्षा आहे. पाजणाराही आरोपी होऊ शकतो. चालक झिंगलेला दिसत असताना "चल, भाडं सोडू नकोस" म्हणून दामटणारा मालकही.

मालकाचा विषय निघाला म्हणून सांगतो. चालकाला नुसते शिव्या देऊन भागत नाही. दिवसभर कोणाची मोसंबी नाहीतर कापूस वाहायचा, संध्याकाळी त्याच माणसाने रात्रीचे भाडे मारायचे, पहाटे पुन्हा तिसरी फेरी. मोटार वाहतूक कामगारांसाठीचा, २०२५ पर्यंत लागू असलेला १९६१ चा कायदा दिवसाला आठ तास म्हणत होता. आमच्या मोंढ्यात कोणी हा कायदा ऐकला असेल तर मला भेटावे! अंगदुखी घालवायला आणि डोळे ताणून धरायला बाटली जवळ येते. ऊसतोडीच्या हंगामात टोळी भरून ट्रॅक्टर निघतो तेव्हाही हेच. मुकादमाची घाई, दोन ट्रॉल्या, मागे बायका-पोरे, पुढे जागरणाने लाल डोळ्यांचा चालक. त्याला वेळेवर झोप मिळाली असती तर निम्मी दारू तिथेच सुटली असती, असे माझे मत आहे.

आणि आता विम्याचे. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी खरी शिक्षा इथे आहे, आणि ती तुरुंगाच्या दाराशी संपत नाही. गाडीच्या विम्यात मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. चालक नशेत होता असे सिद्ध झाले, तर त्याच्या बायकोला त्यातला एक रुपया मिळत नाही. गाडीच्या नुकसानीची भरपाईही नाकारता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशाच एका प्रकरणात विमा कंपनीचा नकार योग्य ठरवला. शेतकऱ्यांसाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे, वारसांना दोन लाख रुपये देणारी. त्यातही नशेच्या अमलाखाली झालेला अपघात वगळलेला आहे. ज्याला उडवले त्याला न्यायालये साधारणपणे विमा कंपनीकडून आधी पैसे देववितात, पण कंपनी ते नंतर मालकाकडून वसूल करू शकते. कर्जावर घेतलेली एक रिक्षा हीच ज्याची सारी मिळकत, त्याच्याकडून वसुली म्हणजे काय? रिक्षा जाते, प्लॉट जातो, मुलीचे कॉलेज सुटते. पिणारा मरून सुटतो आणि वसुलीची नोटीस बायकोच्या नावाने येते.

विम्याचीच आणखी एक गोष्ट गाडी ठरवताना पाहावी. माल वाहणाऱ्या पिकअपमध्ये किंवा छोट्या हत्तीत माणसे बसवली आणि अपघात झाला, तर त्या माणसांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच म्हटले आहे. खाजगी, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने नेली तरी कंपनीला हात झटकायला जागा मिळते. गाडी पिवळ्या पाटीची हवी, परवाना आणि विमा चालू हवा, आणि माणसे परवान्यावर लिहिली तितकीच. मावशींची सोळा माणसे, आणि स्वस्तातल्या त्या गाडीचा परवाना किती जणांचा? कोणी विचारलेच नव्हते.

दुर्दैवाने काही घडलेच, तर भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत करावा. दुखवट्यात वेळ निघून जातो आणि मग दलाल घेरतात. अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असले तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. जखमींच्या उपचारासाठी २०२५ पासून केंद्राची योजना आहे. तीत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतो. दवाखान्यात हे नाव घेऊन विचारावे.

आपण विहारात पंचशील घेतो, त्यातले पाचवे शील मद्याबद्दल आहे. तिथे मद्याला प्रमादाचे स्थान म्हटले आहे. प्रमाद म्हणजे भान सुटणे, बेसावधपणा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. हे आपल्या घरातल्या लहान लेकरालाही पाठ असते. तरीही १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजे लावलेल्या ट्रॅक्टरवर कोण बसलेला असतो आणि त्याच्या बाटलीत पाणी असते की आणखी काही, याकडे आपण काणाडोळा करतो. समोर नाचणारी पोरे आपलीच, ट्रॅक्टरच्या चाकाजवळून चालणाऱ्या आयाही आपल्याच. मला स्वतःला याची लाज वाटते, कारण दोन वर्षांपूर्वी अशाच एका मिरवणुकीत चालकाला खाली उतरवण्याची वेळ आली होती, तेव्हा मी पुढे झालो नाही. पुढे झाल्या त्या वस्तीतल्या बायका. एकीने किल्ली काढली आणि पदराला बांधली. अर्धा तास मिरवणूक थांबली, पोरे चिडली, शेवटी दुसरा चालक आला.

त्या किल्लीवाल्या म्हणजे दारात आलेल्या याच मावशी. म्हणून मला नवल वाटले की त्या मला विचारायला आल्या. मी तसे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "तवा डोळ्यानं दिसत व्हता पिलेला. ह्याचं नुसतं ऐकलंय. ऐकीव गोष्टीवर कुणाची भाकर कशी तोडावी?"

हे मला पटले. म्हणून दोघांनी बसून ठरवले ते असे. मालकाला सरळ सांगायचे की चालक दारूला शिवणार नाही, ही आमची अट आहे आणि ती भाडेपावतीवर लिहून द्या. अट मोडली तर जिथे असू तिथे उतरू आणि उरलेले भाडे देणार नाही. चालकाचे नाव आणि लायसन्सचा नंबर आधी घ्यायचा. त्याला आदल्या रात्री दुसरे भाडे नको, हेही मालकाकडून कबूल करून घ्यायचे. पुढच्या सीटवर पोरगा बसवायचा नाही, जागी राहणारी बाई बसवायची. कोरेगावला गाड्या स्तंभापासून लांब वाहनतळावर लावाव्या लागतात आणि चालक तिथे तासन् तास रिकामा बसतो. खरा धोका परतीच्या प्रवासाला आहे, आणि जाताना सगळे सावध असतात म्हणून तो लक्षात येत नाही. तेव्हा चालकाला एकटे सोडायचे नाही. तोही स्तंभाकडे येत असेल तर सोबत न्यायचे, आपल्या डब्यातले जेवू घालायचे आणि निघण्यापूर्वी तीन-चार तास गाडीत झोपू द्यायचे. कोणी "सोय" केली, तर त्याने पुढच्या वर्षी आपल्या गाडीत यायचे नाही.

दोन दिवसांनी मावशी पुन्हा आल्या. स्वस्तातल्या गाडीच्या मालकाला अटी वाचून दाखवल्यावर तो हसला आणि म्हणाला, असली गाडी जालन्यात मिळायची नाही. दुसरी मिळाली, पिवळ्या पाटीची, दोन हजाराने महाग. परवान्यात सोळा जण बसत नव्हते म्हणून तीन जणांनी एसटीने जायचे कबूल केले. वर्गणी घरामागे तीनशे रुपयांनी वाढली, त्यावरून दोन घरे अजून कुरकुरत आहेत. गाडी रात्री निघणार नाही. एकतीसला दुपारी जेवणे उरकून दोन वाजता निघेल, म्हणजे रस्त्यावर गोंधळ सुरू होण्याआधी नगर मागे पडलेले असेल. पुढच्या सीटवर मावशी स्वतः बसणार आहेत.